वाघिणीच्या मांडीचं हाड

मुंग्यांची रांग कुंपणाच्या बाजूनं आली होती, चुलीला वळसा घालून खाटेच्या पायावर चढली होती आणि खाटेवर वाळत ठेवलेल्या वाघिणीच्या मांडीच्या हाडाला चिकटली होती. दुपारचे दोन वाजले असतील. मी एका हातात रंगासाठी काढलेल्या चहाच्या पाण्याची वाटी आणि दुसऱ्या हातात चिंधी घेऊन उभीच राहिले. मुंग्या, आणि माझ्या हाडाला?

तुम्ही म्हणाल, मुंग्याच त्या, जातील कुठंही. तसं नाही बाप्पा. तो वाघिणीचा सांगाडा मी नाटकासाठी केला होता, कागदाच्या लगद्याचा. रद्दी तीन दिवस भिजवायची, उखळात कुटायची, मग त्यात खडूची भुकटी, डिंक आणि दळलेली मेथी घालायची. मेथी कशाला, तर कीडमुंगी लागू नये म्हणून. माझ्या सासूनं शिकवलेलं ते. त्या मेथीपायी माझे हात बारा महिने कडू असायचे. भाकरी थापली तर आमचे हे म्हणायचे, "आज बी मेथीचीच का वो?" अशा कडूजहर हाडाला मुंगी लागली हे मला काही केल्या पटेना. मी चिंधीनं मुंग्या झटकल्या आणि हाड उचलायला गेले.

हात खालीच राहिला. माझं हाड आतून बांबूच्या कामट्यांचं, दोन बोटांत उचललं जायचं. हे भरल्या तांब्याएवढं जड होतं. आणि थंडगार. रंगही धड चढलेला नव्हता, चहाचं पाणी कुणीतरी घाईघाईनं वरून फासलेलं होतं. मी ते नाकाशी नेलं. मेथीचा वास नव्हता. शिळ्या चरबीचा होता.

 मी हाड होतं तसं ठेवलं आणि आधी फाटकाला कडी घातली.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. आमचं गाव कोसमटोला, जंगलाच्या अगदी काठावर. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक असतंच, होळीपर्यंत धूम. मी कुंभाराच्या घरची, गणपती आणि दुर्गा करणारी. पण वडशाच्या एका नाटक कंपनीचे मालक लोमेश धांडे दरवर्षी मला काहीबाही करायला सांगायचे. कधी राक्षसाचं मुंडकं, कधी नाग. त्या वर्षी येऊन म्हणाले, "पारबताबाई, वाघीन पायजे. पन जिवंत नाई, नुसती हाडाची."

नाटक असं होतं की एका मालगुजारानं, म्हणजे जुन्या जमीनदारानं, पिल्लं असलेली वाघीण मारून तिचा सांगाडा दिवाणखान्यात उभा केलेला असतो, आणि तिसऱ्या अंकात तो सांगाडा चालत मालगुजाराच्या अंगावर येतो. "लोक उठून पराले पायजेत," धांडेभाऊ म्हणाले. दोऱ्या ओढून पाय हलवायचे, म्हणून पायांची हाडं सुटी हवी होती.

मी वाघ दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा कातड्यासकट. आतलं मला काय ठाऊक? ढोराच्या डॉक्टरांनी एक पुस्तक दिलं, त्यात मांजराचा सांगाडा होता. बाकीचं सगळं शिकवलं दसरूभाऊनं. दसरू मडावी आमच्या मागच्या टोल्यावर, गोंडांच्या वस्तीत, राहायचा. मध, मोहफुलं, चारोळी आणि माझ्यासाठी धावड्याचा डिंक आणायचा. रोज येऊन बसायचा आणि काडीनं दाखवायचा, "वयनी, खांदा चुकला. मांजरावानी नोको करू. आनं इथं, खांद्याच्या आत, येक इवलुसं सुटं हाड रायते. कशालेच जोडलं नसते. ते कर, नाईतं वाघीन खोटी वाटन." ते बोटाएवढं हाड मी सात वेळा केलं तेव्हा कुठं त्याची मान हलली.

आणि तोच दसरूभाऊ आठ दिवसांपासून रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत कोंडलेला होता. डोहाच्या नाल्याकाठी जंगल खात्याला एक खड्डा सापडला होता. खड्ड्यात वाघाचे केस, मिशा, चुना. कातडं नाही, हाडं नाहीत. पोळ्याच्या सुमारास कुणाच्या तरी शेतात डुकरासाठी लावलेल्या करंटच्या तारेवर वाघीण मेली आणि कुणीतरी तिची विल्हेवाट लावली, एवढं उघड होतं. झडती झाली तेव्हा दसरूभाऊच्या झोपडीत तारेचं भेंडोळं निघालं. भोपळ्याच्या वेलासाठी ठेवलं होतं बिचाऱ्यानं. पण गोंडाच्या घरात तार म्हटल्यावर कोण ऐकतं?

फाटक लावून मी एकेक हाड तपासलं. कवटी माझी. बरगड्या माझ्या. मणके माझे. पायांची आठ मोठी हाडं माझी नव्हती.

मग मी घरात शिरले. माळा पाहिला, चुलीमागं पाहिलं, लाकडं उपसली. तांदळाच्या कोठीत हात घातला तर तळाशी माझी आठ हाडं मिळाली. ती आमच्या ह्यांच्या जुन्या खाकी सदऱ्यात गुंडाळलेली होती. तो सदरा खांद्यावर मीच रफू केला होता, त्यामुळे कुणाचा म्हणून विचारायचीही सोय नव्हती.

आमचे हे, उरकुडा नक्षिने, जंगल खात्यात वनमजूर होते. बारा वर्षं रोजंदारीवर. आज कायम होईन, उद्या होईन, असं करता करता डोक्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. साधा माणूस. सापसुद्धा काठीनं बाजूला सारून द्यायचा. हा माणूस वाघाची हाडं माझ्या खाटेवर आणून ठेवील, हे मला कुणी देवाची शपथ घेऊन सांगितलं असतं तरी मी त्याच्या तोंडावर चुलीतली राख फेकली असती. पण सदरा माझ्या हातात होता.

कशासाठी ठेवली तेही मला तिथंच, कोठीपाशी बसल्याबसल्या कळलं. नाक्यानाक्यावर गाड्या तपासणं सुरू होतं. पण नाटकाचा ट्रक कोण तपासतो? गार्डच पुढच्या रांगेची तिकिटं मागतात. धांडेभाऊंचा ट्रक सगळ्या जिल्ह्यात फिरणार, पार गोंदियाच्या पलीकडं जाणार. बांबू डेपोचा मुनीम हल्ली दोनदा आमच्या फाटकाशी थांबून विचारून गेला होता, "बाई, वाघीन कवा निंगते?" मी मूर्ख, मला वाटलं माझ्या कलेचं कौतुक.

संध्याकाळी हे आले. हातपाय धुतले, आणि खाटेकडं न पाहता म्हणाले, "सांगाडा कवा नेऊन रायले?"

"परवा. धांडेभाऊ ट्रक घेऊन येनार."

"उद्या नाई होत?"

"काहून? तुमाले का घाई?"

"मले का घाई? अंगनात पसारा पडला हाये, म्हनून म्हटलो."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्या पसाऱ्याला कधी नाव ठेवलं नव्हतं. मी ताट वाढलं. ते खाली मान घालून भात कालवत राहिले, खात नव्हते. मी धीर केला. म्हटलं, "दसरूभाऊले सोडतीन का वो?"

"मले का माहीत? मी का रेंजर हाये?" आणि मग थोड्या वेळानं, ताटाशीच बोलल्यासारखे, "कबूल केलं तं मार तरी थांबन त्याचा."

"जे केलं नाई ते कबूल कराचं?"

"तुले का माहीत त्यानं नाई केलं?"

त्यांनी वर पाहिलं. मी खाली पाहिलं. अख्खं गाव मला तोंडाळ म्हणतं, सरपंचाला भर सभेत गप्प बसवलेली बाई मी. पण त्या संध्याकाळी माझी वाचाच बसली. विचारलं तर ते उत्तर देतील, आणि उत्तर दिलं की मला काहीतरी करावं लागेल, ह्याची भीती. न विचारावं तर ते हाड अंगणात पडलेलं, त्याची भीती. वाघाच्या हाडापायी धरला तर साताठ वर्षं माणूस तुरुंगातून बाहेर पडत नाही म्हणायचे. हे तुरुंगात गेले तर मी एकटी बाई करू काय? आणि हाडं माझ्या अंगणात, माझ्या खाटेवर, माझ्याच सांगाड्यात. मला कोण सोडणार होतं?

ती खरी हाडं उचलून कुठंतरी फेकून द्यावी, माझी जागेवर ठेवावी, असं शंभरदा मनात आलं. पण नाल्यावर गार्ड बसलेले, गावात पोलीस पाटलाची माणसं फिरणारी. आठ हाडं पदराखाली लपवून कुठं नेऊ? मी पडून राहिले. शेजारी हेही पडून होते. दोघांनीही डोळे मिटलेले आणि दोघंही जागे.

सकाळी हे कामावर गेले तोच दसरूभाऊची बायको सोमी आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. कालचीच होती, रेंज ऑफिसातल्या गार्डांनी दसरूभाऊपर्यंत नेऊ दिली नव्हती.

"बाई, तुमचे मालक तिथंच रायतेत," ती म्हणाली. "येक शबुद टाका म्हना. त्याचे तरपाय सुजले, चपला जात नाई. उद्या गडचिरोलीले नेतेत म्हनते. येकदा नेला का मंग..." पुढचं तिला बोलता आलं नाही.

मी तिला पाणी दिलं. ती खाटेपाशी उकिडवी बसली आणि वाघिणीच्या खांद्यातलं ते बोटाएवढं हाड हळूच उचलून म्हणाली, "हे त्यानंच सांगतलं होतं ना? घरी येऊन हासत होता. म्हने, वयनीनं सात खेपा केलं, पन केलं बराब्बर."

तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर ते मांडीचं हाड होतं.  मी म्हटलं, "सोमी, तू घरी जा, मी सांगतो त्याइले." ती उठली, पण घरी गेली नाही. कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली.

तेवढ्यात धांडेभाऊ राजदूत मोटारसायकलवरून आले, दोऱ्यांची भोकं बरोबर पडली का पाहायला. सांगाडा पाहून ते वेडेच झाले. "आयशप्पत बाई! हे वाघीन रंगमंचावर आली तं पयल्या रांगेतले लोक शेवटच्या रांगेत सापडतीन!" मी हसण्याचा प्रयत्न केला. ते पायांकडं वळले तशी मी पुढं झाले. म्हटलं, "पायाले हात नोको लावा भाऊ, रंग वला हाये." हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी सामील झाले.

आणि मग जीपचा आवाज आला.

जीप आमच्याच फाटकाशी थांबली. रेंजर खडतकर साहेब उतरले, मागून दोन गार्ड, आणि सगळ्यांत मागून, हातात काठी घेऊन, आमचे हे. त्यांचा चेहरा शेणानं सारवल्यासारखा झाला होता. जीप पाहून शेजारपाजारचे जमले.

"बाई, शाळेचे एक मास्तर सांगत होते की तुमच्या अंगणात वाघाची हाडं वाळत घातलीयेत," साहेब म्हणाले. माणूस तरुण होता, बोलायला गोड.

लोक हसले. धांडेभाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसले. "साहेब, कागद हाये तो! नाटकाचा!"

साहेबांनी एक बरगडी उचलली, तळहातावर तोलली, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अरे! काहीच वजन नाही!" त्यांनी ती गार्डच्या दिशेनं उडवली, गार्डनं झेलली. मग कवटी उचलून तिच्या जबड्यात बोट घातलं. ते पायांच्या बाजूला सरकले. पण ते कवटीच फिरवून फिरवून बघत राहिले.

"कमाल आहे बाई तुमची. मी स्वतः फसलो असतो." कवटी ठेवली. "पण तक्रार आलीय, तेव्हा पंचनामा करावा लागेल. दोन पंचांसमोर एक हाड फोडून दाखवा, म्हणजे लिहून टाकतो आणि आम्ही मोकळे, तुम्ही मोकळ्या."

"साहेब, परवा पयला प्रयोग हाये," धांडेभाऊ कळवळले.

"एकच. कुठलंही. बाई, तुम्हीच निवडा."

मी घरातून पाटा-वरवंटा आणला. हे काठीवर रेलून उभे होते, माझ्यापासून चार हातांवर. त्यांची नजर माझ्या हातावर खिळली होती. मी शेवटची, सगळ्यांत लहान बरगडी उचलली. ती पुन्हा करायला मला अर्धा दिवस पुरला असता. ह्यांनी रोखलेला श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

मागं साहेब गार्डला मजकूर सांगत होते, "लिही. सर्व अवशेष कागदी लगद्याचे असल्याची खात्री झाली. सदर ठिकाणी आक्षेपार्ह काही मिळून आले नाही."

गार्डनं लिहिता लिहिता विचारलं, "मंग साहेब, हाडं गेली कुटं?"

"मडावीला माहीत आहे. उद्या गडचिरोलीला नेऊ. तिथं सांगेल. तिथं सगळेच सांगतात."

कुंपणाबाहेर सोमी उभी राहिली होती. तिला ऐकू गेलं होतं. ती रडली नाही, ओरडली नाही, फडक्यातली भाकरी छातीशी धरून नुसती उभी होती.

मी बरगडी पुन्हा खाटेवर ठेवली.

का ठेवली, असं विचाराल तर मला आजही नीट सांगता येत नाही. दसरूभाऊचे सुजलेले पाय डोळ्यांसमोर होते, हे एक. आणि हे दुसरं, की ह्या अंगणातून हाडं गेली तर उरलेलं सगळं आयुष्य मला असंच भीत भीत जगावं लागेल, जसा मी कालचा एक दिवस जगले. एका दिवसात माझा जीव एवढासा झाला होता. मी एकदा ह्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, कुणाला दिसणार नाही इतकीच. नको.

मी दोन्ही हातांनी मांडीचं हाड उचललं, पाट्यावर ठेवलं आणि वरवंटा हाणला.

हाड फुटलं नाही. वरवंटा उडाला, माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. चहाचा रंग तेवढा पोपडा होऊन निघाला आणि खाली पांढरं दिसलं.  मी दुसऱ्यांदा हाणला. ह्या खेपेला एका कडेची चीप उडाली आणि आतली जाळी दिसली, बारीक भोकांची.

"बाई," धांडेभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "हे कायचं बनवलं तुमी?"

खडतकर साहेब पुढं झाले. गुडघ्यावर बसले, चीप उचलली, वास घेतला. मग माझ्याकडं पाहिलं.

"हे माझं नाई साहेब," मी म्हटलं. "मी असं नाई बनवलं." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मागं काठी पडल्याचा आवाज आला. हे खाली बसले होते, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. साहेबांनी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले. मुनीमाचं नाव सांगितलं. साहेबांच्या साहेबाकडं माझी ओळख आहे, तुला कायम करून देतो, फक्त एवढं काम कर, असं मुनीम म्हणाला होता. बाकीची हाडं आधीच गेली होती, ही आठ राहिली होती. सगळं सांगितलं. आणि शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणाले, "तिले काईच माहीत नाई साहेब. मी तिच्या नकळत बदलवली. तिनं इतकी हुबेहूब केली होती का तिचं तिलेच वळखू आलं नाई. वळखू आलं असतं तं बरगडी सोडून हे हाड फोडाले घेतलं असतं का?"

हे सगळ्यांना पटलं. साहेबांनाही पटलं. कुठली बाई स्वतःहून नवऱ्याला तुरुंगात घालते?

दसरूभाऊ त्याच दिवशी सुटला. दोघांच्या खांद्यावर हात टाकून माझ्या दारावरून गेला. सोमीनं मला पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला, त्यांच्या मते माझ्यावर आभाळ कोसळलं होतं. मुनीम पळाला तो सापडलाच नाही. ह्यांना तीन वर्षांची सजा झाली.

आणि माझं काय झालं म्हणाल तर माझं नाव झालं. कोठीतली माझी आठ हाडं बाहेर काढून मी सांगाडा पुरा केला, कारण धांडेभाऊंनी पाय धरले. रिक्षावर भोंगा लावून ते गावोगाव ओरडत फिरले, "बनवनारीलाच वळखू आलं नाई असा सांगाडा पाहाले या!" माणसं बैलगाड्या जुंपून आली. पुढं नागपूरहून, चंद्रपूरहून कामं आली. जो तो येऊन हेच म्हणायचा, बाई, काय हात आहे तुमचा, तुमचं तुम्हालाच कळलं नाही! मी मान खाली घालून हसायचे आणि विषय बदलायचे. कारण लगद्याचं काम केलेल्या कुठल्याही माणसाला एका क्षणात समजलं असतं, की असं होणं शक्यच नाही.

हे सुटून आले. दाढी वाढलेली, एका कानानं कमी ऐकू येणारे. नोकरीचा विषयच संपला होता, ते मला लगदा कुटायला मदत करायला लागले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट चौकात, पारावर, कुणी भेटलं की तीच गोष्ट सांगायचे. "आमच्या मंडळीचा हात असा, का तिचं तिलेच वळखू नाई आलं. आपलं नशीब फुटकं, पन हात पाहा तिचा!" लोक हसायचे, हेही हसायचे. मला वाटायचं, भोळा आहे बिचारा, त्याला खरंच असं वाटतं. आणि एक दिवस कुणीतरी ह्याच्यासमोर मला वजनाचा तो प्रश्न विचारेल, ह्याच्या डोक्यात उजेड पडेल, आणि मग हा माझ्याकडं पाहील. त्या पाहण्याची मला इतकी भीती होती की कुणी पाहुणा आला, सांगाड्याचं नाव काढलं, की मी काहीतरी निमित्त करून उठून जायचे. अशी अकरा वर्षं काढली.

अकराव्या वर्षी नागपूरच्या एक नाटकवाल्या बाई आल्या. चांगल्या शिकलेल्या, स्वतः मुखवटे करणाऱ्या. त्यांनी माझा लगदा चोळून पाहिला, मेथीचा वास घेतला, माझं एक हाड हातात घेऊन वर-खाली केलं. हे पलीकडं बसून वाखाचा दोर वळत होते. त्यांच्या तोंडून ती गोष्ट नेहमीसारखी सांगून झाली. बाई माझ्याकडं वळल्या.

"पण काकू, हे तर पिसासारखं हलकं आहे. खरं हाड उचलल्यावर वजनावरून कळलं नाही तुम्हाला?"

 अकरा वर्षांत नेमका तोच प्रश्न, आणि नेमका ह्यांच्यासमोर. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"कसं कळन जी?" हे म्हणाले. माझ्यापेक्षा आधी, एकदम, जणू हे उत्तर त्यांच्याजवळ कधीचं तयार होतं. "हात असे थरथरत होते तिचे, का वरवंटा बी धरवत नव्हता. वजन का कळते अशा वक्ताले? मी तिथंच उभा होतो ना. मी माह्या डोऱ्यानं पायलो."

आणि पुन्हा खाली मान घालून दोर वळायला लागले.

माझे हात त्या दिवशी थरथरले नव्हते. मी भ्यायले होते, मरणाची भ्यायले होते, पण हात दगडासारखे स्थिर होते. आणि हे चार हातांवर उभे राहून माझ्या हाताकडंच पाहत होते. मी बरगडी खाली ठेवलेली त्यांनी पाहिली होती. मी त्यांच्याकडं पाहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. नको म्हणून मान हलवली होती. त्यांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं, आणि तरी साहेबासमोर, कोर्टात, तुरुंगात, पारावर, हा साधा माणूस माझ्यासाठी एकच खोटं सांगत राहिला होता.

मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि चुलीपुढं बसून, पदर तोंडात कोंबून, हमसून हमसून रडले. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता.

"आनखी का विचाराचं ते मले विचारा बाई. तिले नोको."